पीठ घेऊन दुकानात आलेली बाई

यंत्र टिकेल की नाही, हे तुम्ही त्याचा रंग बघून ठरवता का?

ऐंशीच्या दशकात वाशीतल्या एका दुकानात मी इस्त्री दुरुस्तीला नेली होती. तिथे एक बाई नवऱ्याबरोबर पीठ मळायचं यंत्र बघत होती. ती घरी पाव भाजून विकायची. तिचं उजवं मनगट सुजलेलं होतं. डॉक्टरांनी मळणं बंद करायला सांगितलं होतं.

दुकानदाराने यंत्र रिकामंच फिरवून दाखवलं. बाईने पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेला पावाच्या पिठाचा गोळा काढला.

"हा गोळा घालून फिरवा."

"वहिनी, हे दुकान हाय, बेकरी नाय!"

"अगं, रंग बघ किती छान आहे," नवरा म्हणाला. "आणि बंद पडलं तर तुला हाताची सवय आहेच की."

"ती सवयच मोडायला आलेय मी."

तिने गोळा यंत्राच्या भांड्यात टाकला आणि बटण दाबलं. यंत्र घुरघुरलं, तापलं आणि थांबलं. तिने भांडं पुसून दिलं, गोळा पुन्हा गुंडाळला. दुकानात तेवढं एकच यंत्र होतं. म्हणजे दुसऱ्या दिवशीचं पीठही तेच सुजलेलं मनगट मळणार होतं. नवरा पुढे चालू लागला. पिशवी तिच्याच हातात राहिली.

आज घरी गेलात की परात स्वतःकडे ओढा. मनगट दुखेपर्यंत मळा आणि मगच यंत्र निवडायला जा.