आठ तास भरेपर्यंत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला रोज फोन करते, भाजीत मीठ जास्त पडलं तरी सांगते — पण हे नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडे बघत हे माझ्याने बोलवलं नसतं.

मी यवतमाळची. रायपूरला येऊन बरीच वर्षं झाली. सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात हिशेब आणि विम्याचं काम बघते. एकटी राहते. शेजारणी चांगल्या आहेत, ‘दीदी, खाना हो गया?’ म्हणून विचारतात. मी ‘हव’ म्हणते आणि दार लावून घेते. मराठी घरं इथे नाहीत असं नाही, पण त्यांच्या पोरांशी मराठीत बोलावं तर उत्तर हिंदीत येतं. आईचा फोन सोडला तर आठवडेच्या आठवडे कानावर मराठी पडत नसे. म्हणून सुखदेवभाऊंची गाडी आली की — हसाल तुम्ही — मी काहीतरी निमित्त काढून गाड्या तोलायच्या काट्यापाशी जाऊन उभी राहायची.

सुखदेवभाऊ ट्रक चालवायचे. साकोलीकडचे. आमच्या सळया नागपूरला न्यायचे. ‘ताई, कशा आहा?’ एवढं त्यांनी विचारलं की माझा दिवस बरा जायचा. एकदा अंबाडीची भाजी घेऊन आले, बायकोने बांधावरून खुडून ओल्या फडक्यात बांधून दिलेली. मी ती पुरवून पुरवून खाल्ली. माझ्या सख्ख्या भावाला रायपूरचा माझा पत्ताही धड सांगता येणार नाही, आणि हे कोण कुठले!

पण मला विम्याचं सांगायचं होतं. की तेच टाळतेय?

कारखान्याला आगीचा विमा असतो, यंत्रांचा असतो. मी शेठच्या मागे लागून कम्प्यूटर बंद पडण्याचाही विमा घ्यायला लावला. शेठ चार लोकांत म्हणाले, ‘मॅडम का बस चले तो चाय का भी बीमा करवा लें.’ सगळे हसले. मीही हसले. पण ते मला लागलं, फार लागलं. ज्या बाईकडे कामाशिवाय दुसरं काही नाही, तिच्या कामाला हसू नये. त्या विम्यात एक अट होती — काम सलग आठ तास बंद राहिलं, तरच भरपाई. त्याआधी सुरू झालं तर काही नाही.

आणि मग तो दिवस आला. तुम्हालाही आठवत असेल. कुठल्याशा सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली आणि जगभरातले कम्प्यूटर निळे पडले. विमानतळ, बँका, दवाखाने — आणि आम्ही. काटा थांबला. बिल निघेना, गेट पास निघेना. भरलेल्या गाड्यांची आवारात चिखलात रांग लागली. खरं सांगू? मला आतून बरं वाटलं. आता कळेल म्हटलं चहाचा विमा.

रांगेत सुखदेवभाऊंची गाडी होती. ते माझ्या केबिनच्या दारात आले. रात्रभर गाडी चालवून आलेले, डोळे तांबारलेले. ‘ताई, उद्या सकाळी पोट्टीले पाहाले पाहुणे येऊन राहिले. मले दुपारपर्यंत सोडून द्या. घरी टेकलो तर थोडकं झोपणं होईल.’ मी म्हटलं, ‘सुरू झालं की पयले तुमचीच गाडी काढते, भाऊ.’ हे मी मनापासून म्हटलं होतं. निदान तसं मला वाटतं.

दुपारी आमच्या कम्प्यूटरवाल्याचा फोन आला. तो भनपुरीत दुसऱ्या एका कारखान्यात अडकला होता. दुरुस्तीची रीत सापडली होती. त्याने ती मला फोनवरच सांगितली — कम्प्यूटर असा सुरू करा, ही एक फाईल पुसा, पुन्हा सुरू करा. मी केबिनचं दार लावलं आणि केलं. जमेल असं वाटलं नव्हतं. जमलं. बिलाचा प्रोग्राम उघडला, आणि सुखदेवभाऊंच्या गाडीचा नंबर समोर आला. एक बटण दाबायचं होतं.

मी कम्प्यूटर बंद केला.

आठ तास व्हायला अजून बराच वेळ होता. कम्प्यूटरवाल्याला कळवलं, माझ्याने होत नाही, तुम्ही आल्यावर बघा. मला कुणी सांगितलं नव्हतं. शेठने नाही, कुणीच नाही. भरपाईतला एक रुपयाही माझ्या पदरात पडणार नव्हता. मला फक्त त्या हसणाऱ्या लोकांना दाखवायचं होतं. एवढंच. एवढ्यासाठी —

सुखदेवभाऊ पुन्हा आले. ‘ताई, हातानं लिहून देता नाही येत काय?’ हाताने लिहून दिलं असतं तर काम बंद होतं असं म्हणता आलं नसतं. मी म्हटलं, ‘नाही चालत, भाऊ. साऱ्या जगाचंच बंद आहे.’ त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. ते झोपलेही नाहीत; पास कधी निघेल नेम नाही, म्हणून माझ्या दाराकडे बघत बसून राहिले. मी कागद चाळत होते. काय वाचलं, विचारू नका.

कम्प्यूटरवाला आला तेव्हा अंधार पडला होता. आठ तास होऊन गेले होते. पहिला पास मी सुखदेवभाऊंचाच काढला. शब्द पाळला म्हणे!

देवरीच्या पुढे जंगलात त्यांचा डोळा लागला. गाडी रस्त्याखाली जाऊन उलटली. उजवा हात गाडीच्या केबिनखाली सापडला, कोपरापासून काढावा लागला. मुलीला पाहायला आलेले पाहुणे दाराशी येऊन परत गेले.

भरपाई मंजूर झाली. अडकलेला माल, थांबलेल्या गाड्या, सगळं त्यात धरलं होतं. शेठने सगळ्यांसमोर मला उभं करून टाळ्या वाजवल्या, आणि मी उभी राहिले.

दवाखान्यात गेले नाही. फोन केला. त्यांनीच मला समजावलं — ‘ताई, तुमचा काय दोष? साऱ्या जगाचंच बंद होतं. तुम्ही तर खुर्ची देल्ली, चहा पाजला.’ तेव्हा बोलता आलं असतं. मी म्हटलं, ‘जपा, भाऊ.’ त्यानंतर ती गाडी दुसराच कुणी आणू लागला. काट्यापाशी जायचं मला कारण उरलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्या मुलीचं लग्न झालं. दुसरं स्थळ मिळायला वेळ लागला, पण मिळालं. भाऊंनी तीन-तीनदा फोन करून बोलावलं, आणि मी गेले. कशाला गेले? एकटीला कुणी इतक्या आग्रहाने बोलावत नाही हो. त्यांनी व्याह्यांशी ओळख करून दिली — ‘ह्या रायपूरच्या ताई. त्या दिवशी साऱ्या जगाचे कम्प्यूटर बंद पडले, तवा ह्याईनंच मले सांभाळलं.’ व्याह्यांनी हात जोडले. मीही जोडले.

पंगत बसली. दुसरी पोरं वाढत होती, तरी बुंदीचं ताट घेऊन भाऊ स्वतः माझ्या पानाशी आले. ताट एका पोराने धरलं होतं. वाढण्याआधी ते जरा थांबले.

‘डाव्या हातानं वाढून राहिलो, ताई. माफ करजा.’

मी म्हटलं, ‘चालते, भाऊ.’ आणि जेवले.