पांढरं कार्ड एकच

माझा मामा पुस्तकबांधणी करायचा. बोटांना कायम खळ, म्हणून सगळे त्याला खळमामा म्हणत. वाचनालयाची जुनी पुस्तकं तो शिवण्याआधी वाचून काढायचा. मागाहून जोडलेलं पान त्याला नुसत्या हाताला कळायचं.

चर्चने त्याला एक काम दिलं. चर्चला जिचं नाव आहे, तिचं छोटं चरित्र. ख्रिस्ती धर्माच्या अगदी सुरुवातीची ती एक रंगारीण. श्रद्धा सोडेना म्हणून मारली गेलेली. मामाने तिच्याबद्दलची प्रत्येक गोष्ट कार्डावर उतरवली. प्रत्यक्ष पाहणाऱ्याचं पांढऱ्यावर, ऐकीव पिवळ्यावर, मागाहून घुसडलेलं गुलाबीवर.

"मेलेल्या बाईची एवढी चौकशी," मामी म्हणायची, "जिवंत बाईने चहा घेतला का, तेही विचारा कधी."

पांढरं कार्ड एकच निघालं. न्यायालयाच्या टिपणातल्या आठ ओळी. नाव, धंदा, उत्तर, शिक्षा. मामीचा आवडता प्रसंग त्यात नव्हता. वधाच्या जागेपर्यंत आई लेकीचा हात धरून चालली, तो. माझी मामेबहीण दवाखान्यात वारली तेव्हा मामी अजून बसमध्येच होती. तेव्हापासून ती तो प्रसंग रोज वाचायची. मामाला तो तीनशे वर्षांनंतरच्या चरित्रात सापडला आणि त्याहून जुन्या, भलत्याच बाईच्या चरित्रातही. शब्द न् शब्द तोच, फक्त नाव बदललेलं.

शेवटच्या आजारात मामीने वॉर्डात मामाला विचारलं, आईचा हात पुस्तकात ठेवलात ना? मामाला खोटं बोलता येईना.

"म्हणजे ती एकटीच गेली?"

"टिपणात नाही, एवढंच. आई नव्हतीच, असंही नाही गं."

मामी भिंतीकडे वळली.

दोन दिवसांनी मामा औषधं आणायला खाली गेला तेवढ्यात ती गेली. नर्स म्हणाली, शांतपणे गेल्या, तुमचंच नाव घेत होत्या. मामाने मान हलवली. मागच्या आठवड्यात शेजारच्या खाटेवरची बाई गेली, तेव्हा तिच्या नवऱ्याला सांगितलेलं हेच वाक्य त्याने ऐकलं होतं.

पुस्तकाची पानं मी संगणकावर लावली. मामाने तो प्रसंग शेवटी घालायला सांगितला. खाली एक ओळ : हे मागाहून लिहिलेलं आहे, कुणाला तरी लागत असावं.

कार्डांचा डबा त्याने चर्चला देऊन टाकला. एक गुलाबी कार्ड मात्र सदऱ्याच्या खिशात ठेवलं. त्यावर नर्सचं वाक्य आहे.