अण्णांच्या पुस्तकाची मुख्य फाईल

लातूरला माझं प्रबंध टाइप करून द्यायचं दुकान आहे, त्यामुळे वर्डमधलं मला सगळं कळतं असा माझा तोरा होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, नांदेडला माझ्या भावाकडे राहतात. हेडमास्तर म्हणून रिटायर झाल्यावर ते आठवणी लिहायला बसले. एका बोटानं टाइप करायचे. फाईल मोठी झाली की त्यांचा जुना कॉम्प्युटर अडून बसायचा, म्हणून मी प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाईल केली आणि सगळी प्रकरणं एका मुख्य फाईलला लिंक करून दिली. त्यांनी प्रकरणात काही बदललं की मुख्य फाईलमध्येही ते बदलणार. फार हुशारीचं काम केलं असं वाटलं होतं मला.

दर दुसऱ्या शनिवारी मी जायची. मुख्य फाईल उघडली की ती विचारायची, लिंक अपडेट करू का? मी न वाचताच 'हो' दाबायची.

दिवाळीनंतर पुस्तक बारीक व्हायला लागलं. मुदखेडच्या शाळेतला शिपाई, जो रोज अण्णांसोबत डबा खायचा, तो पानांतून गेला. मग आत्याचं लग्न गेलं. मी वैतागले. लिंका तपासल्या, फाईलींचे पत्ते पुन्हा दिले, फॉन्टला शिव्या घातल्या, "तुम्हीच काहीतरी दाबून ठेवता" म्हणून अण्णांवर खेकसले. ते खेकसणं आठवलं की आजही माझी मला लाज वाटते.

लिंका सगळ्या ठीक होत्या. शेवटी प्रकरणाची मूळ फाईल उघडली, तर मजकूर तिथंच नव्हता.

"अण्णा, शिपाईमामा कुठं गेले?"

"काढला. असा माणूस होता का, मला खात्री न्हाई माय. पोरांना जलमभर हेच सांगत आलो, खात्री न्हाई ते लिहायचं न्हाई."

रोज सकाळी ते पेपर तपासावा तसं आपलंच पुस्तक तपासायला घेत होते, आणि आठवत नाही ते प्रामाणिकपणे खोडत होते. मी लातूरहून येऊन त्याला 'हो' म्हणत होते.

त्या दिवशी मी सगळ्या लिंका तोडल्या. मुख्य फाईलमध्ये उरलं होतं तेवढं तरी शाबूत राहिलं. बाकीच्याची प्रत माझ्याकडे नव्हती. गिऱ्हाइकांना बॅकअप घ्या, बॅकअप घ्या म्हणून डोकं खाणारी मी! अण्णांना काही बोलले नाही. ते आपल्या फाईली तपासत राहिले.

परवा गेले तेव्हा त्यांचं शेवटचं प्रकरण उघडून पाहिलं. माझ्या मुख्य फाईलमध्ये तिथं एक ओळ आहे, 'मुलगी लातूरला असते, दर दुसऱ्या शनिवारी येते.' त्यांच्या फाईलमध्ये ती नव्हती. कितीतरी वेळ मी वरखाली करून शोधत राहिले.

अण्णा मागं येऊन उभे राहिले होते.

"बसा ना ताई," ते म्हणाले, "आत चहा सांगतो."