बोरस्त्यांचं नाक

आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाच्या घरी काय शिजतंय हे सगळ्यात आधी मला कळायचं, आणि त्यात काय काय पडलंय हे सावळीराम बोरस्त्यांना. मूळचे निफाडकडचे, नोकरी नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये, घर माझ्या समोरच्या दारात. दिसायला असे की रेशनच्या रांगेत मागचा माणूस त्यांना न बघताच पुढे सरकेल. पण छंद केवढा! परदेशी पुरुषी सेंटांचा. तेही नवे नाहीत, वीस-तीस वर्षांपूर्वीचे.

चौऱ्याण्णव साली त्यांचा मेव्हणा महेश मस्कतहून आला आणि फॅरनहाइट सेंटची अर्धी बाटली विसरून गेला. तिथून हे येड लागलं. पुढे महेश येताना तिकडच्या जुन्या दुकानांत पडून राहिलेल्या बाटल्या आणायचा. बोरस्ते ते सेंट स्वतः लावायचे नाहीत, म्हणायचे, प्रत्येकाच्या कातडीवर वास वेगळा उमलतो. मग रविवारी सकाळी माझ्या दाराची कडी वाजायची.

“शेजारी, हात आणा.”

“आज काय, सोयरीक जुळवताय का माझी?”

“तुमच्या कातडीला घाम लवकर येतो. अशी कातडी मिळत नाही हो.”

थेंब लावून पाच मिनिटांनी हुंगायचे, मग अर्ध्या तासाने, मग जेवण झाल्यावर. आणि लांब वहीत लिहायचे. फॅरनहाइटबद्दल लिहिलं होतं, ‘पेट्रोल सांडलेल्या हाताने कोणी ओली पानं चुरगाळली.’ कुरोस नावाच्या दुसऱ्या एका सेंटबद्दल, ‘मध, धूप आणि एसटी स्टँडची मुतारी. तरी पुन्हा हुंगावंसं वाटतं.’ मी ही वाक्यं जिन्यात सगळ्यांना वाचून दाखवायचो. लोक हसायचे. बोरस्तेही हसायचे.

दोन हजार एकला त्यांची मुलगी तृप्ती कॉलेजात गेली आणि तिने शोध लावला की जगात असली येडी माणसं पुष्कळ आहेत, त्यांची वेबसाइटच आहे. मग दर रविवारी दुपारी बापलेक बिटको चौकापाशी सायबर कॅफेत. बाप वहीतून वाचणार, लेक इंग्रजी करून टाईप करणार. तिकडचे लोक ‘नाशिकचं नाक’ म्हणायला लागले. लहान लहान कुप्या पोस्टाने यायच्या: हे जुनं की नवं, तुम्हीच सांगा. बोरस्ते प्रेसमध्ये कोणाशी दोन वाक्यं बोलायचे नाहीत, पण रविवारी कॅफेतून येताना जिन्यात त्यांचा आवाज यायचा. त्या दोन तासांत तृप्ती त्यांच्या शेजारी खांद्याला खांदा लावून बसायची. वयात आलेली पोर बापाजवळ इतकी कुठे बसते?

दोन हजार पाचच्या मार्चात ते लुनावरून पडले. डोक्याला टेंगूळ आलं, चार दिवसांत उतरलं. पण त्यानंतर वहीत ‘वास उडाला आहे’, ‘बाटली मेली’ असंच काही लिहायला लागले. मी म्हटलं, साहेबांना शिंगं फुटली, काही आवडेनासं झालं. जरा खाली आणावं.

एका रिकाम्या कुपीत मी कोरा चहा भरला, त्यात चिमूटभर हिंग घातला आणि ओळखीच्याने दुबईहून आणलंय म्हणून त्यांच्या घरी नेऊन दिलं. त्यांनी माझ्या मनगटावर लावलं. डोळे मिटले. नाक टेकवलं.

“वरचा भाग उडालाय,” ते म्हणाले. “तळाला चंदन शिल्लक आहे. जुना माल आहे हो.”

मी हसू गालात दाबून बसलेलो. तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नी, उज्वलावहिनी, पदराला हात पुसत आल्या. “अहो, हिंगाची डबी सांडली का कोणाची? पार स्वयंपाकघरात वास आला.”

बोरस्त्यांनी माझ्या मनगटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. वहिनी आत गेल्यावर हळूच म्हणाले, “हिंग होता?”

मी मान हलवली.

“पडल्यापासून काहीच येत नाही. डॉक्टर म्हणतात, आलं तर वर्षभरात, नाहीतर नाही. तृप्तीला सांगू नका. रविवार जाईल माझा.”

माझ्या पोटात कधी काही राहिलं नाही. हे राहिलं. वर मी त्यांचं नाक झालो. मी हुंगायचो, माझ्या गावठी भाषेत सांगायचो आणि ते वहीत नीट बसवायचे. अशी सात परीक्षणं गेली.

सप्टेंबरात एका परदेशी माणसाची कुपी आली. सोबत पत्र. वडील वारले, कपाटात ही बाटली सापडली. आतलं त्यांच्या वेळचं आहे की नंतर कोणी भरलंय, एवढं सांगा. मी हुंगून म्हटलं, “जुनंच वाटतंय. लिहा.”

“बापाचं आहे हो ते,” बोरस्ते म्हणाले. “असं नाही लिहिता येणार. तुम्ही पण चला कॅफेत.”

तिथे त्यांनी वही उघडलीच नाही. तृप्ती बोटं कीबोर्डवर ठेवून थांबली.

“लिही,” ते म्हणाले. “मला मार्चपासून वास येत नाही. कुपी परत पाठवतोय. आधीची सात परीक्षणं काढून टाका.”

तिने पहिलं वाक्य टाईप केलं. दुसऱ्यापाशी थांबली.

“मार्चपासून? मग परीक्षणातलं ते ‘जत्रेतल्या न्हाव्याचा टॉवेल’ कोणाचं?”

“माझं,” मी म्हटलं.

 ती बापाकडे वळली.

“बाबा, जूनमध्ये मी पहिल्या पगारातून सेंट आणला होता. तुम्ही हुंगून म्हणालात, आजवरचा सगळ्यात चांगला. अर्धं पान लिहिलंत. मी ते पान फाडून पर्समध्ये ठेवलंय.”

बोरस्ते शर्टाचं बटण चाचपत राहिले. “बाटलीच्या रंगावरून लिहिलं गं.”

पंख्याचा आवाज येत होता. शेजारच्या टेबलावर कोणीतरी रेल्वेचं रिझर्व्हेशन बघत होतं. तृप्तीने सात परीक्षणं एकेक करून शोधली, ती पुसायला वेबसाइटवाल्यांना लिहिलं, कुपी परत पाठवायचा पत्ता लिहून घेतला. पाठवायचं बटण दाबलं. उठली मात्र नाही.

“कसा होता गं तो?” बोरस्त्यांनी विचारलं. “तू आणलेला.”

चार वर्षं बापाचे वास इंग्रजीत करणारी ती पोर.  तिने नाक पुसलं.

“आधी लिंबाची साल, बाबा,” ती म्हणाली. “म्हणजे... नखाने सोलल्यावर. मग...”

बोरस्त्यांनी डोळे मिटून घेतले. मी खुर्ची मागे सारली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.