धोंडूबाईनं पास केलेली वाईन

अंजूर गावात धोंडूबाईशिवाय देवाला दारू पोचत नसे. बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल, पण आगऱ्यांच्या लग्नात भटजी मागाहून आले; आधी धवलारीण. लग्नाचे धवले, म्हणजे विधीची गाणी, तीच गाते. गाता गाता देवांना आणि घरातल्या मेलेल्या माणसांना नावानिशी हळदीला बोलावते, बोटानं थेंब जमिनीवर शिंपडते, आणि मगच बाकीच्यांनी पेले तोंडाला लावायचे. धोंडूबाईनं गावाच्या तीन पिढ्या अशा बोहल्यावर चढवल्या होत्या. आवाज फाटका, स्वभाव त्याहून फाटका. पण गावातलं कोण कधी मेलं आणि मरताना कुणावर रुसलेलं होतं, हे तिला तोंडपाठ.

मग शेतांची गोडाऊनं झाली, गोडाऊनांचा पैसा आला आणि पैशामागून डीजे आला. आता धोंडूबाईला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून लुगडं द्यायचे आणि म्हणायचे, "काकी, दोन मिनटात उरक." एका हळदीत तर ती देवांना बोलवत असतानाच स्पीकर सुरू झाला. देव आले की माघारी फिरले, कुणाला कळलं नाही. धोंडूबाई घरी जाऊन रडली आणि दुसऱ्या दिवशी गावभर शिव्या देत फिरली.

२००७च्या उन्हाळ्यात काळूरामच्या उन्नतीचं लग्न ठरलं. मुलगा काल्हेरचा. उन्नती काल्हेरच्याच एका गोडाऊनच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची. तिनं बापाला बजावलं, "पप्पा, हळदीत दारू नाही. धनेशदादाच्या हळदीत काय झालं ते बघितलंय मी." धनेश तिचा चुलतभाऊ. त्याच्या हळदीत भाऊबंद पिऊन असे भांडले, की नवरदेवाच्या बाशिंगाखाली टाके होते. "फार तर वाईन ठेवा. नाहीतर मी कोर्टात लग्न करते."

काळूरामला घाम फुटला. वाईन ठेवली तर भाऊबंद हसणार, कोर्टात लग्न केलं तर भाऊबंद थुंकणार. त्यानं पळवाट काढली: "धोंडूकाकी बोलली चांगली, तर वाईन. काकीनं देवाला दावल्याबिगर माझ्या दारात कोन थेंब पिनार न्हाय." हे त्यानं साऱ्या भावकीत जाहीरही करून टाकलं. उन्नती लगेच कबूल झाली. आपण आणलेल्यांपैकी एकही वाईन पास झाली नाही तर नेहमीची दारू ठेवा, असा तिनं शब्द दिला.

म्हातारीच्या कानाशी मात्र काळूराम वेगळंच पुटपुटला. "काकी, सगल्या नापास कर. डीजे कॅन्सल. आख्खी हलद तुझी."

आख्खी हळद! धोंडूबाईच्या घशात कितीतरी दिवसांनी धवला गुणगुणू लागला. वाईन म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं, पण ती वाईट आहे याबद्दल तिची खात्री पटली.

गणेशपुरीच्या अलीकडे, तानसा नदीकाठी, काळूरामच्या साडूचं घर उन्हाळ्यात रिकामं असायचं. तिथं बापलेक आणि धोंडूबाई अशी तिघं दोन दिवसांच्या सुट्टीवर गेली. उन्नतीनं ठाण्याच्या दुकानातून सगळ्यात स्वस्त अशा लाल वाईनच्या पाच वेगवेगळ्या बाटल्या आणल्या होत्या. महागड्या घेऊन उपयोग नव्हता, पाजायची सगळ्या गावाला होती. सकाळी गरम पाण्याच्या कुंडात आंघोळी झाल्या आणि दुपारी ओटीवर चटई अंथरली. बूच काढायचं अवजार कुणी आणलंच नव्हतं. काळूरामनं गाडीतला स्क्रूड्रायव्हर घातला, तर बूच आत गेलं आणि वाईन त्याच्या पांढऱ्या बनियनवर आली. मग उरलेली बुचंही त्यानं आतच ढकलली.

उन्नतीनं इंटरनेटवरून वाचून आलेली पद्धत सांगितली. "आधी रंग बघायचा. मग ग्लास फिरवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात खेळवायचा आणि या बादलीत थुंकायचा."

"थुकायचा?" धोंडूबाई म्हणाली. "देवाला दावलेलं थुकायचं?"

"अजून कुठं दाखवलंय, आजी?"

"मंग दाव की आधी." म्हातारीनं ग्लासात बोट बुडवून थेंब अंगणात शिंपडला. "नवशाबाबा, ये. घे." नवशा हा काळूरामचा आजा. मग तिनं स्वतः घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आंबट. नवशाच हाय. मेला तरी कुरकुर गेली न्हाय."

काळूरामनं चाखली. खरंच आजाच होता. तो ग्लासाशीच बोलू लागला, "जमीन विकली म्हनून अजून कुरकुरतोस व्हय रं? तिथं गोडाऊन झालं, म्हनून तर तुला वाईन मिलतेय." नवशा नापास झाला.

दुसरी बाटली काळूरामच्या आत्याला, राहीबाईला दिली. ती गोडमिट्ट निघाली. "अशीच गोड बोलायची," धोंडूबाई म्हणाली, "आनि तांब्याचा हंडा न्यायची. कुनाला परत न्हाय दिला." राहीबाई नापास. तिसरीत काळूरामचा बापूस आला. पहिल्या घोटाला तापट आणि गिळेपर्यंत थंड. बापूसही नापास. चौथी काळूरामच्या थोरल्या भावाला. त्या वाईनला चवच नव्हती. भाऊ जन्मभर कुणाशी बोलला नव्हता. आला कधी, गेला कधी, घराला पत्ता नाही. काळूरामला एकाएकी हुंदका फुटला. "येक शबूद तरी बोल रं," म्हणत तो अर्धी बाटली प्याला. भाऊ काही बोलला नाही.

उन्नतीची बादली कोरडी होती आणि चेहरा उतरलेला. एकच बाटली राहिली होती, सगळ्यांत स्वस्त. धोंडूबाई मनातून खूश होती. हिला एखाद्या खाष्ट म्हातारीच्या नावानं उडवलं की काम फत्ते. पण घरातली माणसं मेल्याच्या क्रमानं येतात, मधेच दुसऱ्याच्या घरातलं भूत घुसवता येत नाही. भाऊनंतर या घरातून गेलेली एकच होती. धोंडूबाईनं बोट बुडवलं आणि तिचा आवाज बारीक झाला.

"सीताबाय, ये. घे."

सीताबाई म्हणजे उन्नतीची आई. ती गेली तेव्हा उन्नतीला नीट चालताही येत नव्हतं. पोरगी पुढं सरकून बसली. "आजी, माझी आई कशी लागते?"

बेकार, असं म्हणायचं होतं. एका शब्दाचं काम होतं आणि आख्खी हळद पदरात पडत होती. म्हातारीनं घोट तोंडात धरला. जरा तुरट लागला, मग मागून ऊब आली. सीताबाई अशीच आधी करवादायची आणि मग पानात वाढायची. धोंडूबाईनं तिच्या लग्नात धवले गायले होते, आणि तिच्या पोरीच्या तोंडावर खोटं बोलायची तिला लाज वाटली.

"चांगली हाय," ती म्हणाली. "पास."

काळूरामनं कपाळावर हात मारला. उन्नतीनं ग्लास उचलला, घोट घेतला आणि थुंकला नाही. धोंडूबाई मात्र घरी येईस्तोवर गाडीत स्वतःलाच शिव्या घालत होती. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

हळदीच्या संध्याकाळी डीजे आला. भिंतीएवढे स्पीकर लागले. भाऊबंद प्लास्टिकच्या ग्लासांत सीताबाईची वाईन घेऊन कुजबुजत उभे राहिले. काळूराम म्हणाला, "काकी, दोन मिनटात उरक." डीजेवाल्यानं माईक दिला आणि धोंडूबाईनं देवांपासून सुरुवात केली. मग नवशाचं घर झालं, मग शेजारचं. डीजेवाल्याचा हात बटणाकडे गेला, तेवढ्यात गर्दीतून एकजण ओरडला, "ए, थांब, माझ्या बापसाचं नाव रायलंय." त्याच्या बापाचं झालं, तर दुसऱ्याच्या चुलत्याचं राहिलं. कुणाचाही मेलेला माणूस गाळायची सोय नव्हती आणि सगळे येईपर्यंत थेंब प्यायची सोय नव्हती. तो नियम काळूरामनंच घातला होता. बायकांनी धवला उचलून धरला. भुकेजलेल्या पुरुषांनी एका हातात वाईन तशीच धरून दुसऱ्या हातानं मटण-भाकरी खाल्ली. डीजेवाला स्पीकरला टेकून घोरू लागला.

अखेर अंजूरची मेलेली माणसं संपत आली. धोंडूबाईचा आवाज बसला होता, तरी गाणं संपत आलं म्हणून तिला मनापासून वाईट वाटत होतं. पुरुषांचे ग्लास हळूहळू ओठांकडे निघाले. तेवढ्यात पिवळ्याधमक हातांची उन्नती पाटावरून उठली आणि म्हातारीच्या कानाशी वाकली.

"आजी, माझं सासर राहिलं. काल्हेर."

धोंडूबाईनं एकवार तिच्याकडं बघितलं, पाण्याचा घोट घेतला आणि काल्हेरच्या वेशीवरच्या देवापासून सुरुवात केली.