सुभेदारांसाठी राखलेली जागा

भिंगारला आमच्या कचेरीतला एक कारकून रद्दी कागदांच्या पाठीवर हॉकीचा सार्वकालिक संघ मांडत बसे. स्वतः त्याने कधी स्टिक हातात धरली नव्हती. त्याच्या संघात फक्त मेलेल्या खेळाडूंना प्रवेश.

"जित्या मान्साचा भरवसा न्हाई," तो म्हणे. "उद्या वाईट खेळला तर निवड माझी चुकते."

बहात्तर साली त्याच्या शेजारचे म्हातारे सुभेदार अंथरुणाला खिळले. एके काळी ते पलटणीच्या हॉकी संघात लेफ्ट-आउटला, डाव्या कडेला खेळत. हा मोसंबी घेऊन भेटायला गेला आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "सायेब, लेफ्ट-आउटची जागा तुमच्यासाठी राखून ठेवली हाय."

महिन्याभरात सुभेदार ठणठणीत बरे झाले. तेव्हापासून हा त्यांच्याशी बोलेनासा झाला.