हरिबाची तहान

कासुर्डीच्या हरिबाला तहान म्हणून लागतच नसे. निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं. दिवाळी सरली की कळप-बिऱ्हाडाचा वाडा घेऊन कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडी परत वर यायचं. पाणवठ्यावर आधी कळप प्यायचा आणि मग धनगर, ही बापानं घालून दिलेली रीत. मेंढरांनी पाण्यातून तोंडं वर काढली की मगच हरिबाच्या घशाला कोरड जाणवायची. पुढं लेक मल्हार कुरकुंभच्या कारखान्यात कायम झाला आणि घरानं मेंढरं विकली. त्यांच्याबरोबर हरिबाची तहानही गेली. चहा आणि जेवताना दोन घोट, एवढ्यावर त्याचा दिवस निघायचा.

बिरोबाची यात्रा महिना-दीड महिन्यावर असताना तो कमरेत कळ येऊन अंगणातच बसला. यवतच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहून मुतखडा असल्याचं सांगितलं. खडा बारीक होता. भरपूर पाणी प्यायलं तर पडून जाईल, नाहीतर दौंडला ऑपरेशन. ऑपरेशन म्हणजे यंदा ढोल गळ्यात घ्यायचा नाही. यात्रेत गावच्या धनगरी गजीनाचात पहिला ढोल हरिबाचा असे. तो दुसऱ्याच्या गळ्यात बघण्यापेक्षा कळ परवडली, असं त्याला वाटलं.

सून सुषमानं पाण्याची मोठी बाटली भरून खाटेशी ठेवली. संध्याकाळी बाटली रिकामी मिळायची, पण कळ काही थांबेना. खाटेमागचं कढीपत्त्याचं रोप मात्र भलतंच तरारलं, तेव्हा तिला कळायचं ते कळलं. विचारल्यावर हरिबानं कबूल केलं, की तहान नसताना प्यायलेलं पाणी घशाखाली उतरतच नाही.

हे ऐकून त्याची बायको रतनबाई भावाकडं गेली आणि येताना टेम्पोत एक काळतोंडी मेंढी घालून आली. हरिबाचा चेहरा उजळला. मेंढीनं बादलीत तोंड घातलं की तो शेजारी उकिडवा बसायचा आणि तिनं मान वर केली की तांब्या उचलायचा. मेंढी सारखी प्यायची, त्यामुळं तोही सारखा प्यायचा. लघवी निवळली, कळ कमी झाली. सुषमा गालात हसायची.

पण मेंढरांत जन्म गेलेल्या माणसाच्या नजरेतून हे किती दिवस सुटणार? थंडीच्या दिवसांत मेंढी एवढं पाणी पिते कशी, हा किडा त्याच्या डोक्यात शिरला. एका सकाळी त्यानं गव्हाणीतला भुसा चिमूटभर जिभेवर ठेवला आणि रतनबाईला हाक मारली.

"मीठ चारतीस व्हय गं हिला?"

"चारते. तुमाला चारलं असतं, तर जेवणाचं ताट माज्या अंगावर आलं असतं."

"मुकं जनावर हाय. कशापायी छळतीस?"

"मी कुठं छळते? तुमी प्यायला लागा, मी आजच मीठ बंद करते."

हरिबा उठला. मग तांब्या भरून घेतला, कोण बघतंय का म्हणून एकदा मागं पाहिलं, आणि मेंढीकडं पाठ करून सगळा तांब्या घशात ओतला. मेंढीच्या आधी पाणी पिण्याची त्याच्या आयुष्यातली ती पहिलीच खेप. पाणी उतरलं. रतनबाईनं गव्हाणीतला भुसा पाटीत भरून उकिरड्यावर टाकला आणि साधा पाला आणून घातला.

त्या दिवसापासून तो आपला आपण पीत राहिला. यात्रेच्या आदल्या आठवड्यात खडा पडला. ज्वारीच्या कणीएवढा तो खडा त्यानं कागदात बांधून डॉक्टरांना दाखवला, आणि घरी येताना शेजारपाजाऱ्यांनाही दाखवल्याशिवाय राहिला नाही.

यात्रेत पहिला ढोल हरिबाच्याच गळ्यात होता. नाच थांबला तेव्हा सुषमानं पाणी पुढं केलं. त्यानं ते एका दमात संपवलं, मिशा पुसल्या आणि मग हळूच विचारलं, "काळतोंडीला पाजून आलीस ना, बाय?"